तेरेजाच्या वाटणीचं

चर्चची संध्याकाळची घंटा झाली, तशी म्हाताऱ्या इनासने खुंटीवरची माळ काढली आणि तशीच परत अडकवली.

लग्न झाल्यापासून रोझरीच्या, माळेवरच्या जपाची सुरुवात त्याची बायको तेरेजा करायची. ‘नमो मरिये’ तिचं, ‘पवित्र मरिये’ त्याचं. प्रत्येक मण्याला अर्धी प्रार्थना तिची, अर्धी त्याची. आता तेरेजा मातीआड झाली होती, आणि तिच्या वाटणीचे शब्द तोंडपाठ असूनही त्याच्या ओठांवर येईनात. देवावर रागही होताच.

“काका, हल्ली तुमच्या घरातनं रोझरीचा आवाज येत नाही,” शेजारची फिलू कुंपणापलीकडून म्हणाली.

“सुरुवात कोण करणार, बाय? मी आपला उत्तरापुरता.”

“मग उत्तर तरी द्या. वाट बघत असेल ती.”

दुसऱ्या दिवशी तो माळ घेऊन ओट्यावर बसला. तेरेजाला लागायचा तेवढा वेळ गप्प राहिला, मग आपलं अर्धं म्हणाला. पुढच्या मण्यालाही तसंच. सुरुवातीला त्या गप्प राहण्यात तो देवाशी भांडून घ्यायचा. पुढे पुढे भांडण सरलं, आणि तो नुसता ऐकत बसू लागला.

उपवासकाळात फिलूचा नवरा गेला. पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी ती माळ घेऊन आली आणि इनासच्या ओट्यावर टेकली. ओठ हलले, पण आवाज फुटेना.

“नमो मरिये,” इनास म्हणाला. तेरेजा जिथे श्वास घ्यायची तिथेच श्वास घेत त्याने तिच्या वाटणीचं सगळं म्हटलं, आणि थांबला.

फिलूने उत्तर दिलं.