घरच्या माणसाला लायसन लागत नाही

“लायसन दाखवा, हॉबर्ट,” वनरक्षक कोल्बी म्हणाला.

हॉबर्टच्या पायाशी नुकतंच पाडलेलं हरीण. रान मात्र शेजारणीचं, नेव्हाचं. आमच्या केंटकीच्या डोंगरात आपल्याच रानात शिकार करायला मालकाला लायसन लागत नाही. त्याच्या बायकोला, मालकीण असली तर तिच्या नवऱ्याला, पोरांना, कुणालाच नाही. शेजाऱ्याला लागतं, आणि हॉबर्ट शेजारी होता. लायसन नसलं की हरीण जातं, वर बंदूकही जाते. ही बंदूक त्याच्या बापाची होती.

शेजारी राहायची त्याला हौस नव्हती. नेव्हाचा नवरा गेल्यावर थोडी वर्षं जाऊ देऊन तो दर हिवाळ्यात तिला लग्नाचं विचारायचा. ती म्हणायची, “बटाटे लावून होऊ देत, मग बघू.” बटाटे लागायचे, निघायचे, तळून खाऊनही व्हायचे. हॉबर्ट बिचारा पुन्हा हिवाळ्याची वाट बघायचा.

त्यानं कोटाचा एक खिसा चाचपला. तंबाखू. दुसऱ्यात हात घातला.

तेवढ्यात नेव्हा आलीच. रस्त्यालगत तिचं बियाणं, गळ नि काडतुसांचं दुकान. गोळीचा आवाज ऐकून ते तसंच उघडं टाकून आली होती.

“त्याला कशाला लागतंय लायसन? घरचाच आहे तो.”

“घरचा म्हणजे कोण, नेव्हाबाई? शेजारी कायद्यात बसत नाही.”

“नवरा.”

हॉबर्टचा हात खिशातच राहिला.

“कधीपासून?” कोल्बीनं विचारलं.

“सोमवारपासून. आज शनिवार, कोर्ट बंद. त्याला मी काय करू?”

कोल्बीनं टोपी काढून डोकं खाजवलं. “मग सोमवारी या दोघं कोर्टात. लग्न तरी लावा, नाहीतर दंड तरी भरा. मी दारातच उभा असेन.” आणि गाडीत बसून तो निघून गेला.

हॉबर्टला इतका आनंद झाला होता की बंदूक झाडाला टेकवून ठेवावी लागली. मग त्याचं तोंड उतरलं. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला.

“नेव्हा, तुझ्याशी खोटं नाही वागायचं मला. लायसन आहे माझ्याकडे. मला वाचवायला बोलून गेलीस तू. मी नाही तो शब्द धरून बसणार.”

नेव्हानं वाकून हरणाची शिंगं पकडली.

“ठाऊक आहे. मंगळवारी माझ्याच दुकानात मीच फाडून दिलं की ते तुला. चल, मागचे पाय धर.”