कागलहून निघालेली बस

“फोन हितं ठेव,” आकाराम म्हणाला.

प्रियदर्शनीनं हातातला फोन टेबलावर ठेवला. स्क्रीन अजून उजळलेली होती.

चहा घेऊन आलेली विठाबाई दारातच थबकली. थोरले दीर असे न सांगता शिवाजी पेठेतल्या घरी आले, की काहीतरी बिनसलेलं असायचं. लग्न होऊन आल्यापासून ती हे बघत आली होती.

“बाळासो, तुझी पोरगी दिवसभर मोबाईलवर कुणाशी बोलती, तुला ठावं हाय?” आकाराम धाकट्या भावाला म्हणाला. “काल गच्चीवर एकटीच हसत बसली हुती. रस्त्यानं जाताना माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रविवारी पेठ वडगावची माणसं तिला बघायला येणार. त्याआधी काय वंगाळ निघालं, तर मी काय करीन ते तुला सांगायला नको.”

सांगायला खरंच नको होतं. विठाबाईनं पदर सारखा केला.

“क्लासचा ग्रुप हाय, आबा,” प्रियदर्शनी म्हणाली. “क्लार्कच्या परीक्षेचा. सर गृहपाठ देत्यात, ती गणितं आम्ही मिळून सोडवतो.”

“मग बघू दे की. वाच, बाळासो.”

बाळासोनं चष्मा लावला. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून तो दोन वर्षांमागं निवृत्त झाला होता. घरात तो फारसं बोलायचा नाही आणि थोरल्या भावापुढं तर नाहीच. त्यानं फोन उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

खरंच गणितं होती. श्रुतीला दूध-पाण्याच्या मिश्रणाचं गणित सुटत नव्हतं. प्रसेनजीत नावाच्या कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो टाकून तिला एकेक पायरी समजावली होती. प्रियदर्शनीनं गुंडूला शेकडेवारी शिकवली होती. गुंडूनं एका शाळेत एकशे वीस टक्के मुली काढल्या होत्या.

“ह्यालाच हसत हुते काल,” प्रियदर्शनी म्हणाली.

“ह्यो प्रसेनजीत कोण?” आकारामनं विचारलं.

“क्लासातलाच. कागलच्या एमआयडीसीत कामाला हाय. गणित लई पक्कं हाय त्याचं. समद्यांना सांगतो.”

“आडनाव काय?”

“ग्रुपवर आडनावं कुठली, आबा?”

“आडनावानं गणित सुटतंय व्हय, दादा?” बाळासो मान वर न करता म्हणाला. “ऐका पुढचं.”

पुढचा मेसेज प्रसेनजीतचाच होता. बाळासोनं तो सावकाश वाचला.

“एक बस कागलहून सकाळी दहा वाजता निघते. सरकारी कचेरीपर्यंतचं अंतर वीस किलोमीटर, वेग ताशी चाळीस. दुसरा प्रवासी शिवाजी पेठेतून चालत निघतो. अंतर दोन किलोमीटर, वेग ताशी चार. दोघांना एकाच वेळी पोचायचं असेल, तर दुसऱ्यानं किती वाजता निघावं?”

खाली प्रियदर्शनीचं उत्तर होतं. दहा वाजता.

आकारामनं जांभई दिली आणि चहाची बशी तोंडाला लावली. बाळासो मात्र तसाच फोनकडं बघत राहिला.

“चुकलंय हे,” तो म्हणाला.

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. “काय चुकलं, आण्णा?”

“कागलची गाडी अर्ध्या तासात येत न्हाई. सकाळी उचगावला गर्दी असतीया. पाऊण तास धरायचा. म्हंजे दुसऱ्यानं सव्वादहाला निघायचं. उगं आधी जाऊन दारात ताटकळायचं कशाला?”

“पुस्तकातल्या गणितात गर्दी नसती, आण्णा.”

“रस्त्यावर असती की. लिही सव्वादहा.” त्यानं फोन तिच्या हातात दिला. “आणि परीक्षा कधी हाय म्हणालीस?”

“गुरुवारी. सराव परीक्षा हाय.”

“बरं.”

आकारामनं बशी खाली ठेवली. “गणितंच हायत म्हणायची,” तो जरा नाराजीनंच म्हणाला आणि चपला घालून गेला.

विठाबाई मटकन खाली बसली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं तिला झालं. शंका काही दिरालाच आली नव्हती. गेले दोन महिने लेक जेवताना फोनकडं बघायची, ते तिच्याही नजरेत आलं होतं. विचारायचा धीर मात्र झाला नव्हता. संध्याकाळी तिनं सांज्याच्या पोळ्या केल्या आणि लेकीला समोर बसवून तीन वाढल्या.

“मलाबी भ्या वाटत हुतं बघ,” ती म्हणाली. “देवानं सोडवलं.”

प्रियदर्शनीनं आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

गुरुवारी सकाळी बाळासो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला. डेपोतल्या जुन्या दोस्ताकडं जाऊन येतो म्हणाला. सव्वादहाला प्रियदर्शनी निघाली. विठाबाईनं तिच्या हातावर दही ठेवलं. “घाबरू नगंस. नीट वाचून लिही,” ती म्हणाली. पोरगी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती. मग आत येऊन तिनं रेडिओ लावला. कितीतरी दिवसांनी तिला घर मोकळं मोकळं वाटलं.

अकरा वाजता विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं समोरचे कागद उलटसुलट केले. “नोटिशीचा महिना पुरा झालाय. पण साक्षीदार तीन लागतात. हे दोघंच दिसतात.” श्रुती आणि गुंडूनं एकमेकांकडं बघितलं. तिसरा मित्र सकाळपासून फोन उचलत नव्हता. प्रसेनजीतचा चेहरा पडला. प्रियदर्शनीनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं, पुढं आलं आणि टेबलावर आधार कार्ड ठेवलं.

“तुम्ही मुलीचे कोण?” कारकुनानं विचारलं.

“बाप,” बाळासो म्हणाला.