जाळीत धागा नाही

"हात तोडीन तुझे!"

साहेबांनी लाथ कपडे सुकवायच्या ड्रायरला घातली आणि चपराक बायकोला. ती भिंतीवर आदळली. ओठ फुटला.

मेकॅनिक पिशवी घेऊन दारातच थबकला.

"बघताय काय? हे सुरू करा. संध्याकाळच्या आत हवंय."

प्लग. करंट येतोय. बटण. ठीक. दार. नीट लागतंय. मशीन मात्र ढिम्म.

त्याने पिशवीतून दोन डब्या काढून शेजारी ठेवल्या. नवे पार्ट निळ्या डबीत, लोकांच्या घरून काढलेले, चालता चालता बंद पडणारे बाद पार्ट लाल डबीत. बारा वर्षांत अदलाबदल झाली नव्हती.

मग कपड्यांचे धागे, तुसं अडवणारी जाळी उपसली. कोरी करकरीत.

"रोज चालवता, साहेब?"

"रोज. तासभर."

गॅलरीतल्या दोरीवर ओले कपडे ठिबकत होते.

त्याने मागचं झाकण उघडलं. एक वायर तुटलेली. कात्रीने कापावी तशी, सरळ. बायकोने मान खाली घातली.

"काय निघालं?"

"उंदीर."

"चौथ्या मजल्यावर?"

"उंदराला लिफ्ट थोडीच लागते!"

साहेब खो खो हसले आणि फोन घ्यायला आत गेले.

"भाऊ, कशाला जोडताय?" बायको कुजबुजली. तिच्या मनगटावर पाच बोटं काळीनिळी उमटली होती.

मेकॅनिकने पक्कड उचलली. वायर जोडली, वर टेप गुंडाळली. साहेब परतल्यावर म्हणाला, "ड्रमखालचा रबर झिजलाय. बदलला तर आवाज कमी होईल."

"आवाजाला हात लावायचा नाही!"

"बरं. मग मशीन तापलं की बंद करणारा कटआउट तेवढा बदलतो."

लाल डबीतून एक कटआउट काढून त्याने बसवला. झाकण लावलं. बटण दाबलं.

घरघर, खडखड. फरशी थरथरू लागली.

"शाबास!" साहेबांनी त्याला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. आतून कडी लागली.

उतरताना मेकॅनिकने वाटेतल्या प्रत्येक दाराची बेल दाबली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या.

"केलंत सुरू? चार दिवस जरा शांतता होती. त्या खडखडाटात आमचा टीव्हीसुद्धा ऐकू येत नाही हो!"

"काकू, एक मिनिट थांबा. सगळेच थांबा."

"का? काय झालं?"

त्याने पिशवीतला सगळ्यात जड पाना हातात घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं. जिन्यात सात-आठ माणसं जमली होती.

वर ड्रम अडखळला. थांबला.

किंकाळी थांबली नाही.