नावेत पाणी

पाण्याची गाडी भीमेच्या वाळूत उतरली आणि काठाच्या नावेपाशी थांबली. गावच्या बाया घागरी घेऊन पुढं पळत होत्या. नागूबाई एकटीच मागं मागं सरत होती.

त्र्याहत्तरच्या चैत्रात नदी ठाक कोरडी पडली होती. नागूबाईच्या नवऱ्याची, ईश्वर नावाड्याची नाव काठाशी दगडांवर टेकवून ठेवली होती. मागच्या खेपेला विहिरीत ओतलेलं पाणी विहिरीच्या तळानंच गिळलं. सगळ्यांच्या घागरी भरेस्तोवर थांबायला आज ड्रायव्हर राजी नव्हता. शेवटी सरपंच सिद्धलिंगप्पा म्हणाले, "ईश्वरा, तुझ्या नावंत वतू का?"

झालं! दुष्काळी कामावर खडी फोडून वाकलेला ईश्वर एकदम ताठ झाला. वर्षभरानं कुणीतरी नावेचं नाव काढलं होतं.

"वता की! पर नावंत पाणी ठिवायचं शास्तर हाय, आयका," तो दगडावर चढून म्हणाला. "नियम पयला: आदी नावंला पाजायचं, मंग मानसाला. लाकूड तानलं, वाळलं की सांधा उलतो, फट पडती. दुसरा: चपला काढल्याबिगर आत हात घालायचा न्हाय. तिसरा: कुनी बुडालंच, तर आदी घागर भाईर काडायची. चवथा: मासा घावला तर त्यो माजा."

"आन मदीच तान लागली तर?" बायांतल्या अक्कम्मानं विचारलं.

"तर पैलतीर येस्तवर दम धरायचा!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नागूबाईला कुठलं हसू! खडीवर जाताना ईश्वर रोज बजावून जायचा, माझ्या वाट्याची कळशी नावेवर ओत. संध्याकाळी विचारायचा. ही म्हणायची, "व्हय, वतली." आणि कळशी जायची घरात, बाळंतपणाला आलेल्या फुलाच्या उशाशी. लेकीला दूध उतरत नव्हतं, पोर रडून रडून निळं पडत होतं. सव्वा महिना नावेला थेंब मिळाला नव्हता.

बोलावं तर चारचौघांत नवऱ्याची मान खाली. न बोलावं तर गावाचं चार दिवसांचं पाणी वाळूत. तेवढ्यात ड्रायव्हरनं नळी नावेत सोडली आणि पाणी धो धो पडायला लागलं.

"बंद करा!" नागूबाई किंचाळली. "तिच्यात न्हाय ऱ्हायाचं. म्या घातलंच न्हाय तिला पाणी!"

नळी बंद झाली. नावेच्या बुडातून आधी टिपटिप ऐकू आली, मग धारा लागल्या. बाया वाकून नावेखाली घुसल्या. जिथं फट तिथं घागर, तांब्या, कुणाची परात. तोंडानं नागूबाईचा उद्धार चाललाच होता. सरपंचांनी ड्रायव्हरच्या हातापाया पडून गाडीतलं उरलेलं पाणी घागरी-घागरीनं वाटलं. गाडी गेली, बायाही गेल्या.

ईश्वरनं सांध्यात बोट घातलं. आख्खं बोट आत गेलं. आता नदी आली तरी ही नाव पाण्यात पडायची नव्हती.

"कवापास्नं?"

"फुला आल्यापास्नं."

"मला बोलली आसतीस."

"बोलले आसते, तर कुनाला दिलं आसतं तुमी?"

ईश्वर नावेखाली सरकला आणि नागूबाईची कळशी त्यानं शेवटच्या धारेखाली धरली. धारेचे थेंब झाले, तरी तो हलला नाही. कळशी भरत आली तेव्हा त्यानं ती तिच्यापुढं ठेवली. तोंडाकडं मात्र बघितलं नाही.

"पयला नियम चुकला माजा. ने. पोरगी वाट बगत आसंल."

"तुमी घोटभर घ्या की."

"मी पेलोय."

नागूबाई कळशी घेऊन निघाली. काठ चढताना तिनं मागं वळून बघितलं. नावेखाली उताणा पडून, ओल्या फटीला तोंड लावून ईश्वर पाणी चोखत होता.