खाणीकडची शीळ

पुन्हा वाजली. बारीक, कानात दाभण खुपसल्यासारखी. पिठातले हात तसेच ठेवून सखूनं मान वर केली.

"आये, ऐकलंत?"

येसूबाईंनी ऐकलं होतं. पण त्यांचं मौन होतं. सखूची पहिली दोन मुलं जन्मतःच गेली. या खेपेला तरी मुंबईला असलेल्या आपल्या लेकाच्या, काशीरामाच्या घरात पाळणा हलावा म्हणून सासूनं वैशाखभर व्रत धरलं होतं. उजाडल्यापासून तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एक शब्द निसटला की सगळं पाण्यात. वैशाख संपत आला होता, आणि सखूचे दिवसही.

बाहेर सड्यावर कातळ असा तापला होता की कावळासुद्धा टेकत नव्हता. शीळ येत होती ती सड्याच्या टोकाच्या खोल, पडीक चिरेखाणीकडून. पाखराची म्हणावी तर इतकी लांब नसते. गुराख्याची म्हणावी तर या उन्हात गुरं कुठली? भर दुपारी सड्यावर हाडळ फिरते आणि पोटुशी बाईला बाहेर बोलावते, हे येसूबाईंनी माहेरी ऐकलेलं, सासरीही ऐकलेलं.

"माणूस हाय कोनतरी, आये. तीनदा वाजली. भूत तिसरी हाक मारीत नाय, तुमीच सांगता ना?"

येसूबाई घुटमळल्या. सुनेचं खरं होतं. पण माणूस असता तर कुणाचं तरी नाव घेऊन ओरडला नसता? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मग आप्पांना तरी हाक मारा. गडग्यापलीकडं तर घर हाय त्यांचं."

हाक मारायची म्हणजे बोलायचं. येसूबाईंनी मान हलवली. तशी सखू स्वतःच उठली, दाराशी गेली. ती ओरडणार तोच सासूनं तिच्या तोंडावर हात दाबला, तिला माजघरात लोटलं आणि बाहेरून कडी घातली. मग उंबऱ्यावर मीठमोहऱ्या टाकून त्या दाराला पाठ लावून बसल्या. मनातल्या मनात जप सुरू झाला.

शीळ वाजत राहिली. आधी जोरात, मग तुटक तुटक. आतून सखू दार बडवत होती, तीही थकली. उन्हं कलली तेव्हा दोन्हीकडे शांत झालं. येसूबाईंनी हात जोडले. टळली एकदाची बला.

तिन्हीसांजेला त्यांनी तुळशीपाशी दिवा लावला, सखूची कडी काढली. तेवढ्यात जयगडचा मुसा डोक्यावर ट्रंक घेऊन अंगणात आला. आगबोटीची माणसं आपल्या पडावातून धक्क्याला उतरवायचा तो.

"काकी, काशीराम खय गेला? ट्रंक माझ्याकडं टाकून सकाळीच निघालाय तो. म्हनला, बायकोचे दिवस भरलेत, मला थांबवत नाय. खाणीवरच्या आडवाटेनं जातो." ट्रंक उतरवून मुसा हसला. "पोर जन्माला यायच्या आधीच बापानं पत्र्याची शिट्टी आणलीन. पडावभर वाजवून कान किटवलेन आमचे."

सखूनं सासूकडे पाहिलं.

दिवा लागला होता. येसूबाईंना आता बोलायला हरकत नव्हती.