तळहाताची आग

यशोधरेने चहाचा कप स्टुलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

"बघितलंस?" विठाबाई शेजारच्या गयाबाईला म्हणाल्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. "कॅम्प चारच्या वस्तीतल्या सिंधी नवरीमुलींचे हात मांडीवर घेऊन चार-चार तास मेंदी काढते. सासूच्या हातात कप द्यायचा तर हिला विंचू डसतो. दिवाळीला पाया पडते तीसुद्धा लांबून, फरशीला हात लावून. सहा वर्षं झाली. असली कोरडी सून वैऱ्याला मिळू नये."

"ते राहू दे. हातांची आग कशी आहे?"

"निखारा धरल्यासारखी. डॉक्टर म्हणतो शुगर आहे, गोळ्या घ्या. गोळीनं शुगर उतरली, आग तिथंच."

"मग मेंदी थाप की. घरात कारखाना आहे तुझ्या."

"थापणार कोण? ही?"

यशोधरा आत गेली आणि भिजवलेल्या मेंदीची वाटी घेऊन आली. गयाबाईला गॅसवरचं दूध आठवलं. ती उठून गेली.

सून चटईवर बसली. मेंदीची बोटं सासूच्या हातापासून वीतभर अलीकडे थांबली.

"शिवू का, आई?"

"हे काय विचारणं झालं?"

"घरात आले त्या दिवशी तुम्ही उंबऱ्यात सांगितलंत. मला शिवायचं नाही, माझ्या भांड्यांना शिवायचं नाही. गुडघे गेले तेव्हा भांड्यांचं तुम्ही सोडलंत. स्वतःचं काही बोलला नाहीत."

कुणाला पत्ता सांगावा तशी ती बोलली.

विठाबाईंना आठवेना. मग आठवलं. मुलगा कैलास कोर्टात लग्न करून आला होता. मुलगी बौद्धवाड्यातली आहे हे सगळ्या बिल्डिंगला आधीच कळलं होतं. जिन्यात चार बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोर काहीतरी बोलणं भाग होतं. त्या बोलल्या. बोलून विसरल्या.

त्यांनी नुसता उजवा हात पुढे केला.

यशोधरेने तो खालून तोलून धरला. अंगठ्याने मेंदी पसरत नेली, तळव्यापासून एकेका बोटाच्या पेरापर्यंत, सावकाश. मेंदी गार होती. पण आग निम्मी झाली ती हात धरला तेव्हाच, मेंदी लागायच्याही आधी. नवरा, दौलतराव, गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून हा हात धरला होता तो रक्त काढायला सुई टोचणाऱ्या पोरीने, तोही रबरी मोजे घालून.

डोळ्यांना पाणी आलं. डावा हात मोकळा होता, पण पदर उचलला असता तर सुनेला कळलं असतं. विठाबाई तशाच बसून राहिल्या. पाणी हनुवटीवरून यशोधरेच्या मनगटावर पडलं.

"लाचारीनं नाही पाळलं, आई," यशोधरा मान वर न करता म्हणाली. "रागानं पाळलं. अजून आहे राग."

तिने हात मात्र सोडला नाही.

विठाबाईंनी माफीचा शब्द शोधला. उभ्या जन्मात तो कधी लागला नव्हता, आता कुठून सापडणार? त्यांनी डावा हातही पुढे केला. आवाज नेहमीसारखा चढवायला गेल्या, तो मधेच फुटला.

"सहा वर्षांत हजार गोष्टी सांगितल्या तुला. मीठ कमी टाक, कडी लावून घे, नळ बंद कर. एक ऐकली नाहीस. जी मोडायची होती, तेवढीच पाळलीस."