मास्तरांचं मत

घरच्यांच्या संमतीशिवाय लग्न करता येऊ नये, असा कायदा करावा का? आमदारांना आपल्या मतदारांचा कौल हवा होता, म्हणून त्यांच्या ऑफिसातली ताई दारोदार फिरत होती. सगळी गल्ली एकमुखानं 'हो' म्हणत होती.

"पोरं डोक्यावर मिरी वाटतायत नुसती!" एक काकू फणकारल्या. "आणि शेजारच्या शिंपी मास्तरांना विचारूच नका, 'हो' लिहून टाका. लेकीनं पसंत केलेला मुलगा त्यांनी नाकारला, तर पोरीनं चकार शब्द काढला नाही. बापानं दाखवलेल्या घरी मुकाट नांदायला गेली."

तरी ताईनं मास्तरांचं दार वाजवलं. ते इवल्याशा फ्रॉकला लेस लावत होते आणि मशीनखाली नात चिंध्यांशी खेळत होती. मास्तरांनी मशीन थांबवून प्रश्न नीट ऐकून घेतला.

"'नाही' लिहा."

ताई गोंधळली. "पण काका, तुमच्या मुलीनं तर तुमचं ऐकलं ना?"

मास्तरांनी वाकून नातीच्या केसांत अडकलेला दोरा हलकेच काढला.



"ऐकलं नसतं, तर हिला आज आई असती."